माळेगावच्या फडात कॉलेजची जोड

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते, बेल-भंडारा उधळला जातो आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात यात्रा सुरू होते. दुसरा दिवस अमावस्येचा, म्हणजे येळवशीचा. लातूर-नांदेडकडचे शेतकरी त्या दिवशी शेतात कोप करून पूजा करतात, भज्जी आणि आंबिलीवर ताव मारतात. पुढचे दिवस मग माळेगावचे. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री, घोंगड्या, पाळणे, लावणी, जिल्हा परिषदेचं कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, आणि एका दिवशी कुस्त्यांची दंगल. नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे गाव आज लोहा तालुक्यात आहे. लोहा वेगळा होईपर्यंत ते कंधार तालुक्यातच होतं, आणि कंधारकर अजूनही या यात्रेला घरचीच यात्रा मानतात.

याच दिवसांत, डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीची सुरुवात गाठून, अमेरिकेतही एक यात्रा भरते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना या गावात 1 जानेवारीला फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते आणि दुपारी दोन कॉलेजांच्या संघांत फुटबॉलचा सामना होतो. हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं, असा तो खेळ. माळेगावचा पहिलवान तो पाहील तर त्याला पट काढण्याची आठवण होईल. सामन्याचं नाव ‘रोझ बाऊल’. यात्रा भरवणाऱ्या गावाने खेळाला आणि खेळाने गावाला कसं वर काढलं, याची इतकी तपशीलवार नोंद असलेली दुसरी गोष्ट सापडणं कठीण. माळेगावकरांनी आणि नांदेडच्या विद्यापीठाने ती वाचावी.

सुरुवात 1890 ची. पॅसाडेनातल्या ‘व्हॅली हंट क्लब’ नावाच्या हौशी मंडळींना आपल्या गावाची जाहिरात करायची होती. पूर्वेकडची शहरं बर्फात गोठलेली असताना आपल्याकडे गुलाब फुलतात, संत्री पिकतात, हे देशाला कळावं एवढाच हेतू. फुलांनी सजवलेल्या घोडागाड्या, त्यानंतर मैदानावर शर्यती, रस्सीखेच. फुटबॉलचा पत्ताच नव्हता. तो आला 1902 मध्ये, आणि फजिती घेऊन आला. मिशिगन विद्यापीठाचा संघ त्या हंगामात असा काही तुटून पडत होता, की आधीचे सगळे सामने मिळून त्याने 501 गुण केले होते आणि एकही गुण दिला नव्हता. त्याच्यासमोर स्टॅनफर्डला उभं केलं. 49-0 अशी स्थिती झाली तेव्हा सामना संपायला आठ मिनिटं होती. स्टॅनफर्डच्या कप्तानाने आता पुरे म्हणून हात जोडले.

आपल्या भाषेत सांगायचं तर जोड चुकली. आणि जोड चुकली की फड बसतो, हे वस्तादाला सांगावं लागत नाही.

पॅसाडेनाच्या यात्रा समितीने फुटबॉलचं नावच टाकलं. पुढची तेरा वर्षं तिथे दुसरेच खेळ झाले. रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती झाल्या, शहामृगांच्या झाल्या, आणि एका वर्षी तर उंट आणि हत्ती यांची शर्यत लावली गेली. हत्ती जिंकला. माळेगावच्या बाजारात उंटाचा सौदा करून आलेल्या माणसाला हा निकाल पटणार नाही, पण नोंद तशी आहे. फुटबॉल परत आला तो 1916 मध्ये. वॉशिंग्टन स्टेटने ब्राऊन विद्यापीठाला 14-0 ने हरवलं. हरलेल्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू होता. या सामन्यात उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्यानंतर सामना एकाही वर्षी चुकलेला नाही. गर्दी मावेना म्हणून 1922 मध्ये वाडग्याच्या आकाराचं नवं मैदान बांधलं, त्यावरून सामन्याला ‘बाऊल’ म्हणू लागले.

हे पाहून बाकीची गावं जागी झाली. काळ कसला, तर मंदीचा. मायामी शहर 1926 च्या वादळातून पुरतं सावरलेलं नव्हतं. त्याने 1935 मध्ये ‘ऑरेंज बाऊल’ सुरू केला. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सचा ‘शुगर बाऊल’, 1937 मध्ये डॅलसचा ‘कॉटन बाऊल’. संत्री, साखर, कापूस. ज्या मातीत जे पिकतं त्याचं नाव सामन्याला. हिवाळ्याच्या सुटीत चार माणसं गावात यावीत, हॉटेलं भरावीत, बाजारात उलाढाल व्हावी, हा रोकडा हिशेब त्यामागे होता आणि तो कुणी लपवलाही नाही. आपल्याकडची यात्राही देवाच्या नावाने आणि बाजाराच्या जिवावर चालते. त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही.

गाव आणि खेळ यांची गाठ किती पक्की असते, ते 1942 मध्ये दिसलं. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवायला सरकारची मनाई. ड्यूक विद्यापीठाने निरोप पाठवला, आमच्या गावी खेळा. आणि रोझ बाऊल हजारो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला झाला. पाहुण्या ऑरेगन स्टेटने यजमानांना 20-16 ने हरवलं. पुढच्या वर्षी सामना पुन्हा पॅसाडेनात. कोरोनाच्या साथीत, 2021 च्या जानेवारीत, तो टेक्सासमध्ये न्यावा लागला. माळेगावची यात्रा त्याच हिवाळ्यात रद्द झाली होती.

फडात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हा वादही त्यांना चुकला नाही. 1956 च्या शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रियर हा काळा खेळाडू होता. जॉर्जियाच्या गव्हर्नरने, मार्विन ग्रिफिन यांनी, आपल्या राज्यातल्या जॉर्जिया टेकने अशा संघाविरुद्ध खेळू नये असा आग्रह धरला. तेव्हा जॉर्जिया टेकचेच विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गव्हर्नरच्या निवासस्थानापर्यंत गेले. सामना झाला, ग्रियर खेळला. त्या पोरांना मुख्यतः सामना हवा होता, समतेचा लढा नव्हे, असं इतिहासकार म्हणतील. असेल. पण खेळाच्या ओढीने का होईना, एक दार उघडलं गेलं.

आता या गोष्टीची काळी बाजू, कारण नक्कल करायची तर तीही माहीत हवी. चार-पाच सामन्यांचे आज चाळीसहून अधिक झाले आहेत. पिकांची नावं मागे पडली, कंपन्यांची आली. फ्लोरिडात एका खाऊच्या कंपनीच्या नावाने सामना होतो. 2023 मध्ये तिथे त्या खाऊच्या रूपातला बाहुला भल्यामोठ्या टोस्टरमध्ये घातला आणि खालून निघालेला खाऊ विजेत्या संघाने मैदानातच खाल्ला. ॲरिझोनातल्या ‘फिएस्टा बाऊल’च्या प्रमुखाला 2011 मध्ये काढून टाकावं लागलं, कारण नोकरांकरवी पुढाऱ्यांना देणग्या देऊन ते पैसे संस्थेतून भरून देण्याचा उद्योग उघडकीला आला. कोट्यवधींची उलाढाल होत असताना खेळणाऱ्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. स्वतःच्या नावावर कमवायची मुभा त्यांना 2021 मध्ये मिळाली. आणि राष्ट्रीय विजेता ठरवण्याच्या हव्यासाने जुन्या सामन्यांचं स्वतंत्र तेजच गेलं. 2024 च्या हंगामापासून बारा संघांची बाद फेरी आहे आणि रोझ बाऊल तिच्यातला एक टप्पा. पश्चिमेचा एक संघ आणि मध्य-पश्चिमेचा एक, ही 1947 पासूनची ठरलेली जोड मोडली.

माळेगावला यातलं काय घेता येईल? यात्रा आहे, तिथी आहे, जागा आहे, हलगी आहे, आणि जगातल्या कुठल्याही मैदानाला हेवा वाटावा असा जाणता प्रेक्षक आहे. पहिलवानाने खडाखडीत वेळ काढला की ओरडणारा, पोकळ घिस्सा लागला की उठून उभा राहणारा, निकाली कुस्तीला खिशातली नोट काढणारा. नाही ते एकच: कॉलेजची पोरं. म्हणजे पोरं आहेत, कुस्ती पाहायला आणि खेळायलाही. पण कॉलेजचा, विद्यापीठाचा संघ म्हणून ती या फडात उतरत नाहीत.

त्यांच्या कुस्त्या दुसरीकडे होतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कुठल्या तरी कॉलेजच्या हॉलमध्ये गादीवर होते. प्रेक्षक म्हणजे बाकीच्या कॉलेजांचे पहिलवान, क्रीडाशिक्षक आणि चहा घेऊन आलेला शिपाई. तिथून निवडलेला संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. प्रमाणपत्र मिळतं, भरतीच्या वेळी ते उपयोगी पडतं. पण मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या आईबापांना आपलं पोरगं विद्यापीठाचा लंगोट लावून कुणाला चितपट करतं, हे बघायला मिळत नाही. ज्या फडात हजारो माणसं जमतात तिथे विद्यापीठ नाही, आणि विद्यापीठ जिथे आहे तिथे माणूस नाही.

हा भाग कुस्तीत मागे आहे, असं म्हणायची तर सोयच नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. 1977 मध्ये बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. ती कुस्ती पाहिलेली माणसं आजही तिच्याबद्दल बोलताना खुर्चीवरून पुढे सरकतात. लातूरच्याच काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. पण बिराजदार वस्ताद म्हणून नावाजले ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. काका पवारांचं संकुल पुण्यातच. आवारे घडला तोही पुण्यातच. इकडचा गडी, तिकडची माती. गावाकडची तालीम सुटली की पुणे-कोल्हापूरला जाणं भाग, मग कॉलेजही तिकडचंच. गेलेल्यांना दोष देण्याचं कारण नाही. खुराक, वस्ताद आणि जोडीदार जिथे आहेत तिथेच पहिलवान जाणार. प्रश्न इतकाच, की इकडच्या कॉलेजात राहून लढावं असं एखादं निमित्त आपण त्याला दिलं आहे का?

निमित्त देणं फार अवघड नाही. मराठवाड्यातली बहुतेक कॉलेजं दोन विद्यापीठांत विभागलेली आहेत. औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, 1958 मध्ये झालं. त्यातून 1994 मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं निघालं. एकाकडे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. दुसऱ्याकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. चार जिल्हे विरुद्ध चार जिल्हे, थोरलं विरुद्ध धाकटं, आणि दोन्हीकडे कुस्तीची परंपरा. याहून चांगली जोड पॅसाडेनाच्या समितीलाही लावता आली नसती. दरवर्षी माळेगावच्या दंगलीच्या दिवशी, मुख्य कुस्त्यांच्या आधी, या दोन विद्यापीठांच्या सात कुस्त्या लावाव्यात. पाच मुलांच्या, दोन मुलींच्या. सात, म्हणजे प्रत्येक कुस्तीचा निकाल लागला तर बरोबरीचा प्रश्न नाही. मुलींच्या दोन कुस्त्यांवर कुणी नाक मुरडलं तर त्याला 2023 ची सांगली दाखवावी. तिथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली.

माती की गादी, यावर वाद होईल. विद्यापीठाचे क्रीडा संचालक गादी म्हणतील, कारण नियम गादीचे: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांची पाटी, दहा गुणांची आघाडी झाली की निकाल. यात्रेतले जुनेजाणते माती म्हणतील आणि गुण कसले, पाठ टेकली का ते सांगा म्हणतील. या बाबतीत जुन्याजाणत्यांचं ऐकलेलं बरं. गादीवरच्या कुस्त्या पोरं वर्षभर खेळतातच. यात्रेत मातीच असावी. वेळ मात्र बांधलेली असावी आणि वेळ संपली तर गुणांवर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवण्याचा जुना रोग इथेही शिरेल.

नावही कंधारच्या मातीत तयार आहे. संत्री, साखर आणि कापूस ज्या न्यायाने मिरवले, त्या न्यायाने इथे लाल कंधारी मिरवावी. गडद तांबड्या रंगाचं, ओढकामाला चिवट असं हे जनावर या तालुक्याचं नाव देशभर घेऊन गेलं आहे, आणि माळेगावच्या पशुप्रदर्शनात ते देवणीच्या शेजारी दिमाखात उभं असतं. ‘लाल कंधारी चषक’ म्हटलं की वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. जिंकणाऱ्या संघाला खरोखरचा गोऱ्हा द्यावा, अशीही सूचना कुणी करील. हॉस्टेलवर राहणारी पोरं तो बांधणार कुठे, याचा विचार आधी व्हावा. फिरता चषक आणि महिन्या-दोन महिन्यांच्या खुराकाचे पैसे जास्त कामाचे.

पैशांची गोष्ट निघाली की पुढारी येतात, आणि पुढारी आले की फलक येतात. ही भीती खरी आहे. यात्रेच्या व्यासपीठावर खुर्च्या कुणाच्या, सत्काराचे फेटे किती, भाषणं किती वेळ, यात कुस्त्या अंधार पडेपर्यंत लांबल्याचं कुठल्या यात्रेत झालं नाही? म्हणून हा सामना जिल्हा परिषद आणि दोन विद्यापीठं यांच्यातच ठेवावा, पंच कुस्तीगीर परिषदेचे असावेत, आणि जोड लावण्याचं काम वस्तादांच्या समितीकडे असावं. 49-0 ची फजिती पॅसाडेनाला तेरा वर्षं पुरली. इथे वजनात किंवा अनुभवात विजोड कुस्ती लागली तर लोक पुढच्या वर्षी त्या वेळेला लावणीच्या तंबूत जाऊन बसतील.

दुसरी सावधगिरी किताबाची. महाराष्ट्र केसरी 1961 मध्ये औरंगाबादला सुरू झाली, दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले, आणि त्या किताबाने राज्यातल्या कुस्तीला उभारी दिली, यात शंका नाही. पण किताबाची किंमत वाढली तसे त्याच्याभोवती संघटनांचे तंटे वाढले. 2023 या एका वर्षात तीनदा स्पर्धा झाल्या. 2025 मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून जो गोंधळ झाला तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. माळेगावच्या कॉलेजच्या कुस्तीला कसलाही ‘केसरी’ जोडू नये. ती निवड चाचणी नसावी, पुढच्या कुठल्या फेरीची पायरी नसावी. रोझ बाऊलचं जे गेलं ते हेच: त्या दिवशी जिंकणं पुरेसं होतं, ते पुरेसं राहिलं नाही.

यात्रेच्या आणि सणाच्या काठाने खेळ वर्षानुवर्षं चालतो, याचं उदाहरण तर नांदेड शहरातच आहे. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने होणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा खालसा हायस्कूलच्या मैदानावर अनेक दशकं भरते आहे. बाहेरच्या राज्यांतून संघ येतात, गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात, खेळतात. हॉकीला मराठवाड्यात कुस्तीइतका लोकाश्रय नाही. तरी ती टिकली, कारण सामन्यांचं नाव आणि गाव बदललं नाही.

खरी अडचण पंचांगाची आहे, आणि ती अमेरिकनांना नव्हती. त्यांची 1 जानेवारी हलत नाही. रविवार आला तर 2 तारीख, एवढंच. आपली मार्गशीर्ष अमावस्या मात्र फिरते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून यात्रा 2024 च्या जानेवारीत दुसऱ्या आठवड्यात गेली. पुढची यात्रा 2024 च्याच डिसेंबरअखेर आली. त्यानंतरची 2025 च्या डिसेंबरात, आणखी दहा दिवस अलीकडे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे यात्रा पुन्हा 2027 च्या जानेवारीत. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा याच दिवसांत पुढे-मागे होत असतात. तेव्हा नांदेड विद्यापीठाच्या विष्णुपुरीतल्या परीक्षा विभागाने आणि संभाजीनगरच्या क्रीडा विभागाने वर्षाचं वेळापत्रक आखताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून येळवस कधी आहे ते पाहावं, त्या आठवड्यात कुस्तीच्या पोरांचे पेपर ठेवू नयेत, आणि तसं पत्र जूनमध्येच नांदेड जिल्हा परिषदेला पाठवावं. यात्रेची कार्यक्रमपत्रिका छापायला जाते तेव्हा त्यात सात ओळी वाढवायला फारसा खर्च येत नाही.